परत बोलावलेली गाडी

यंदाच्या अंकाचा विषय 'भरवसा' आहे, असे संपादकांनी कळवले, तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून दिसणारी एक बातमी माझ्या मनात आली. अमुक कंपनीने अमुक मॉडेलच्या इतक्या हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, एवढीच ती असते. दोष कोणत्या भागात, गाड्या कोणत्या तारखांच्या दरम्यान बनलेल्या, दुरुस्ती मोफत. चार ओळींत संपते. ती वाचून कोणी म्हणतो, 'बघा, कसल्या गाड्या विकतात!' कोणी सरळ पान उलटतो. आपली गाडी त्या हजारांत आहे का, हे पाहणारा विरळाच.

दोष कारखान्यातून सुटतो कसा, नंतर सापडतो कसा, आणि सापडल्यावर नेमक्या त्याच गाड्यांचे नंबर कंपनीला कळतात कसे, हे समजून घ्यायचे म्हणून मी पुण्याच्या उत्तरेकडचा पट्टा पालथा घातला. साठच्या दशकात पिंपरी-आकुर्डीकडे टेल्को आणि बजाज आले. त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने भोसरी-चिंचवडच्या गल्लीगल्लीत उभे राहिले. पुढे चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या आणि हा पट्टा तळेगाव-रांजणगावपर्यंत पसरला. गाड्यांची चाचणी घेऊन त्यांना मान्यतेचे प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून याच शहरात आहे. गाडीवरचा भरवसा जिथे घडतो आणि बिघडतो, त्या बहुतेक जागा तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत.

पहिला नग

भोसरी एमआयडीसीतला एक गाळा. आत सीएनसी लेथची रांग, कूलंटचा आंबूस वास, पायाखाली तेलकट जाळी. इथे स्टिअरिंगच्या जोडणीत जाणारी एक पोलादी पिन बनते. तिच्या व्यासात वीस मायक्रॉनपर्यंतचा फरक चालतो, त्यापलीकडे नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हे काम किती बारकाईचे आहे ते कळेल.

सकाळची पाळी सुरू झाली. सेटरने झिजलेला इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, बदलला, मशिनवर पहिला नग काढला, पुसला आणि कोपऱ्यातल्या तपासणीच्या टेबलावर नेला. तिथल्या ताईंनी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी माप घेतले, गेज लावून पाहिले आणि रजिस्टरमध्ये ओळ भरली: वेळ, मशिन नंबर, ऑपरेटर, माप, सळईचा हीट नंबर, म्हणजे तिचे पोलाद कोणत्या ओतणीतले ते. त्यांची सही होईपर्यंत मशिन थांबून होते. त्यानंतर ठरावीक नगांमागे एक नग त्यांच्याकडे यायचा, ओळ भरली जायची. भरलेल्या प्रत्येक क्रेटला एक कार्ड लागायचे आणि त्यावर लॉट नंबर.

गाळ्याचे मालक स्वतः टर्नर म्हणून या धंद्यात आले. ते रजिस्टरवर हात ठेवून म्हणाले, "सर, चूक कधीतरी होणारच. रात्रीच्या पाळीत इन्सर्टची धार जाते, मोजायचा नग राहून जातो, पुढचे दोनशे-अडीचशे क्रेटमध्ये पडतात. ते दोनशे कुठे गेले हे मला सांगता आलं पाहिजे. ते आलं नाही, तर मी दोनशेचा नाही, महिनाभराच्या मालाचा गुन्हेगार ठरतो."

याच मालकांनी दुसरी बाजूही सांगितली. मोठ्या कंपन्या पुरवठादाराकडे दरवर्षी दर कमी करून मागतात. पोलाद, वीज, मजुरी वाढत असताना दर उतरवायचा, तर कात्री कुठे लागते? मशिन थांबवता येत नाही, ऑपरेटर काढता येत नाही. तपासणीच्या टेबलावरचा माणूस मात्र एकही नग बनवत नाही. हिशेबाच्या वहीत तो निव्वळ खर्च असतो, म्हणून पहिली नजर त्याच्यावर जाते. काही ठिकाणी मग ऑपरेटरच मोजतो आणि ऑपरेटरच लिहितो. शिकाऊ मुलांची पाळी असेल आणि संध्याकाळपर्यंत नगांचा आकडा गाठायचा असेल, तर तासातासाची मापे पाळी संपताना एकदम भरली जातात. ऑडिटला आलेल्या अनुभवी माणसाला हे लगेच कळते. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली आठ तासांची मापे त्याला दुरूनही ओळखू येतात.

छाटणी

लहान स्क्रूसुद्धा मोजले, तर एका मोटारीत साधारण तीस हजार भाग असतात. त्यांतले बहुतेक बाहेरून येतात. ज्या कंपनीचे नाव बॉनेटवर असते, तिचे मुख्य काम आरेखन आणि जोडणी. जोडणीच्या लाइनवर आता विजेवर चालणारे नटरनर असतात. सीटबेल्टचा, एअरबॅगचा, ब्रेकचा बोल्ट किती जोराने आवळला तो आकडा त्या गाडीच्या चासी नंबरासमोर आपोआप साठतो. आवळणी कमी पडली, तर दिवा लाल होतो आणि लाइन पुढे सरकत नाही. माणसाला चूक करताच येऊ नये, अशी रचना करण्याच्या या जपानी पद्धतीला कारखान्यात सगळे पोका-योके म्हणतात. शेवटी गाडी रोलरवर पळवून ब्रेक तपासतात, पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करून गळती बघतात, मग यार्डात सोडतात.

एवढे असूनही पुरवठादाराचा वाईट लॉट लाइनवर पोहोचतोच. मग रात्री-अपरात्री फोन जातो. पुरवठादाराची किंवा ठेकेदाराची मुले गेज घेऊन येतात आणि हजारो नगांतून चांगले-वाईट वेगळे करत बसतात. याला सगळे 'सॉर्टिंग' म्हणतात. वाईट नग लाल बिनमध्ये जातात, खर्चाची डेबिट नोट पुरवठादाराच्या नावावर. चाकणच्या नाक्यावर रात्री चहा पिणाऱ्या मुलांना विचारले, तर चारातला एक तरी या कामावर निघालेला असतो. "हजार नग बघितल्यावर सगळे सारखेच दिसायला लागतात," त्यांतल्या एकाने मला सांगितले. डोळ्यांनी केलेली छाटणी कधीच पूर्ण भरवशाची नसते, हे गुणवत्ता विभागातला प्रत्येक जण जाणतो. तरीही अडचणीच्या वेळी पहिला उपाय तोच असतो.

२०२२च्या अखेरीस महिंद्राने चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन या मॉडेलांच्या काही मॅन्युअल गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दोष क्लचच्या घरातल्या एका रबरी बेलोचा होता. पुरवठादाराच्या कारखान्यातल्या छाटणीच्या प्रक्रियेत गफलत झाल्याने त्या बेलोच्या मापांवर परिणाम झाला असावा, असे कारण कंपनीने दिले. त्या वर्षी १ जुलै ते ११ नोव्हेंबरदरम्यान बनलेल्या १२,५६६ एक्सयूव्ही७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन यात होत्या. मुठीत मावेल एवढ्या रबराच्या तुकड्यापायी एकोणीस हजारांवर कुटुंबांना सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागली.

आकडा ठरतो कुठे?

परत बोलावलेल्या गाड्यांचा आकडा कधी पाचशे असतो, कधी लाखावर जातो. मोठा आकडा म्हणजे मोठा निष्काळजीपणा, असा आपला समज. प्रत्यक्षात तो आकडा दोन गोष्टींवर ठरतो: चूक कुठल्या टप्प्यावर झाली आणि तिची नोंद किती नेमकी आहे.

नाशिकचे उदाहरण घ्या. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलैदरम्यान बनलेल्या डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारखान्यात आलेल्या इंधनात भेसळ असावी आणि त्याने इंजिनाचे भाग बिघडू शकतात, असा संशय होता. गाड्या सहाशेच्याही आत. इंधन कोणत्या दिवशी आले आणि कोणत्या गाड्यांत गेले हे माहीत होते, म्हणून प्रश्न बारा दिवसांत बांधला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत डिझेल थारच्या १,५७७ गाड्या कॅमशाफ्टसाठी बोलावल्या होत्या. कारण होते पुरवठादाराकडच्या मशिनच्या सेटिंगमधली चूक. भोसरीच्या गाळ्यात सेटर ज्यासाठी पहिला नग टेबलावर नेतो, तीच ही जागा.

आता याच्या उलट. ऑगस्ट २०२३ मध्ये १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० बोलावल्या गेल्या. इंजिनाच्या कप्प्यातून जाणारा वायरिंगचा जुडगा घासून कापला जाण्याचा धोका होता. ही एका लॉटची चूक नव्हती. वायर कुठून न्यायची, या मांडणीतच अडचण होती, म्हणून जून २०२१ पासून दोन वर्षांत बनलेल्या गाड्या तपासणे भाग पडले. कागदावरची चूक प्रत्येक गाडीत उतरते, मशिनवरची चूक एका पाळीपुरती राहू शकते. अट एवढीच, की ती पाळी सापडली पाहिजे.

नोंद नेमकी नसेल तर काय होते, याचा धडा अमेरिकेत जनरल मोटर्सने साऱ्या जगाला दिला. त्यांच्या काही मॉडेलांत इग्निशनची किल्ली हलक्या धक्क्यानेही मागे फिरत असे. इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग जाई आणि अपघात झाला, तर एअरबॅग उघडत नसे. हा स्विच मध्यंतरी आतून सुधारला गेला, पण त्याचा पार्ट नंबर बदलला नाही. जुना आणि नवा स्विच कागदावर एकच राहिले. जुन्या गाड्यांत बळी जातात आणि नव्या गाड्यांत तोच भाग नीट चालतो, हे कोडे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे सुटले नाही. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या, कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांना अमेरिकी संसदेसमोर उत्तरे द्यावी लागली आणि भरपाईच्या निधीने अखेर १२४ मृत्यू या स्विचशी जोडलेले मान्य केले. पार्ट नंबरातला एक आकडा बदलायचा राहिला, तर त्याची किंमत किती होऊ शकते, हे यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही.

नोंदच खोटी असेल तर

चूक होणे आणि चूक लपवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवणारा वायू तयार करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले जाई. उष्मा आणि दमटपणात वर्षे काढल्यावर हे रसायन बिघडते आणि धडकेच्या क्षणी इतक्या जोराने पेटते, की धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूने जगभरात दोन डझनांहून अधिक माणसे मारली. एकट्या अमेरिकेत एअरबॅग फुगवणारे सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर बदलण्याच्या यादीत आले. मोटारींच्या इतिहासात गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, इतकी मोठी मोहीम दुसरी नाही. कंपनीने चाचण्यांचे आकडे फिरवून ग्राहक कंपन्यांना दिले होते, हे तिने २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडचे दोन प्रसंगही याच जातीचे. एखाद्या मॉडेलला मान्यता मिळाल्यावर कारखान्यातून निघणारी गाडी त्या मान्यतेप्रमाणेच आहे का, हे पाहण्यासाठी अधूनमधून नमुने तपासले जातात. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने भारतातल्या १.१४ लाख टवेरा परत बोलावल्या. धुराच्या मानकांच्या तपासणीत आपल्याच काही कर्मचाऱ्यांनी नियम मोडल्याचे कंपनीला आढळले होते. अनेकांना नोकरीवरून काढले गेले. दोनच वर्षांनी फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण जगभर गाजले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर त्यांत होते. एआरएआयच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले.

इथे आपणही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऑक्टोबर २०२३ पासून धडकेच्या चाचणीवरून गाड्यांना तारे देणारी भारत एनकॅप ही योजना लागू झाली आणि लोक गाडी घेताना ते तारे विचारतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तारे हे आरेखनाचे गुण आहेत. धडकेच्या चाचणीत वापरलेली गाडी आणि तुमच्या दारातली गाडी यांच्यामध्ये हजारो पाळ्या, शेकडो पुरवठादार आणि असंख्य सह्या असतात. त्या सह्या खऱ्या असतील, तरच ते तारे तुमच्या गाडीलाही लागू पडतात.

सात वर्षांची मर्यादा

आपल्या देशात बराच काळ गाडी परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. अमेरिकेत तो १९६६ मध्येच आला. आपल्याकडे जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छेने पाळायची एक संहिता स्वीकारली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशाला किंवा रस्त्यावरच्या इतर कोणालाही धोका होईल असा दोष असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलावायला लावू शकते. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वाहनमालकाला थेट सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चौकशी सुरू होते.

कायदा आला हे उत्तम झाले. मात्र त्यात एक मोठी फट आहे: नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहेत. आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते आणि पुढेही ती फिरते. टकाटाच्या इन्फ्लेटरसारखा दोष तर जसजशी वर्षे जातात तसतसा वाढतो. बारा वर्षे मुंबईच्या, रत्नागिरीच्या, पणजीच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीलाच त्याचा धोका सर्वांत जास्त, आणि नेमकी तीच कायद्याच्या कक्षेबाहेर. काही कंपन्या जुन्या गाड्याही स्वतःहून बोलावतात, हे त्यांच्या श्रेयाचे. पण माणसाच्या जिवाची हमी कंपनीच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

दुसऱ्या हातातली गाडी

कारखान्यात सळईच्या हीट नंबरापासून बोल्टच्या आवळणीपर्यंत सारे लिहून ठेवलेले असते. शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली की नोंदीचा हा धागा विरळ होत जातो. पहिला मालक मोफत सर्व्हिसिंग संपेपर्यंत कंपनीच्या सेंटरला जातो. मग घराजवळचा मेकॅनिक परवडतो. पाच वर्षांनी गाडी विकली जाते, पुण्याची गाडी साताऱ्याला, मुंबईची चिपळूणला जाते. कंपनीकडे मात्र पहिल्या मालकाचा जुना मोबाइल नंबर असतो. रिकॉलचा मेसेज जातो तो अशा माणसाला, ज्याने ती गाडी केव्हाच विकली.

चिपळूणजवळ हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजात मी दुपारभर बसलो. मिस्त्री तीस वर्षे गाड्यांच्या पोटात हात घालून आहेत. एकाच मॉडेलच्या गाड्या एकाच दुखण्याने येऊ लागल्या, की त्यांच्या ते आठवड्यात लक्षात येते. "कंपनीला कळायच्या आधी आम्हाला कळतं," ते म्हणाले. "पण सांगायचं कोणाला? आम्हाला विचारायला कोण येतंय? गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते. आम्ही पार्ट बदलतो, जुना भंगारात जातो." रिकॉलचे काम कंपनीच्या सेंटरला मोफत होते, वॉरंटी संपली असली तरीही, हे त्यांच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही माहीत नव्हते. कंपन्यांनी असे हजारो गॅरेजवाले आपल्या माहितीच्या जाळ्यात आणले, तर दोष कितीतरी लवकर हाती लागतील.

सरकारला करता येण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. जपानने मे २०१८ पासून टकाटाचे धोकादायक इन्फ्लेटर न बदललेल्या गाड्यांना नियमित तपासणीत पास करणे थांबवले. आपल्याकडे मालकी हस्तांतर, विमा, पीयूसी, फिटनेस हे सगळे आता 'वाहन' प्रणालीत चासी नंबराशी जोडलेले आहे. कंपन्यांनी रिकॉलचे नंबर त्याच प्रणालीत भरायचे आणि पीयूसी काढताना किंवा गाडी नावावर करताना 'या गाडीचे रिकॉलचे काम बाकी आहे' एवढे पडद्यावर दाखवायचे, तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत निरोप पोहोचेल. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या दोषांसाठी सात वर्षांची मर्यादा काढून टाकावी आणि प्रत्येक रिकॉलमध्ये किती गाड्या खरोखर दुरुस्त झाल्या, हा आकडा कंपन्यांनी दर सहा महिन्यांनी जाहीर करावा. किती गाड्या बोलावल्या हे आज आपण वाचतो. किती आल्या, हे कोणी छापत नाही.

ही सगळी पाहणी केल्यावर माझे मत ठाम झाले आहे. गाड्या परत बोलावणाऱ्या कंपनीला हसू नये. तिने स्वतःची चूक शोधली, नंबरांसह जाहीर केली आणि पदरमोड करून दुरुस्तीला काढली. वर्षानुवर्षे एकही गाडी परत न बोलावणाऱ्या कंपनीकडे मात्र संशयाने पाहावे, कारण तीस हजार भागांच्या यंत्रात कधीच चूक झाली नाही, यावर विश्वास ठेवण्यासारखे काही नाही. पुरवठादाराचा दर ठरवणाऱ्यांनी तपासणीच्या टेबलावरच्या माणसाचा पगार त्या दरात धरलाच पाहिजे.

आणि वाचकहो, एक काम तुमच्याकडे. दिवाळीत गाडी धुऊन पुसून तिची पूजा कराल, त्याच दिवशी आरसी काढा. त्यावर सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर टाका, किंवा कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगा आणि आपल्या गाडीचे काही काम बाकी आहे का, ते विचारा. गाडी जुनी असेल, दुसऱ्याकडून घेतलेली असेल, तर हे नक्की करा आणि आपला सध्याचा मोबाइल नंबर तिथे नोंदवा. गाडी विकली असेल आणि तिच्याविषयीचा मेसेज अजून तुम्हाला येत असेल, तर तो नव्या मालकाला पाठवा. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.